शरीराची राखण

माणसाच्या शरीरावर जिवाणू, विषाणू, बुरशी आणि परजीवी यांचा मारा जन्मापासून सुरू असतो. त्यांना वेशीवर अडवणारी, आत शिरलेल्यांना हुडकून मारणारी आणि एकदा गाठ पडलेल्या शत्रूची खूण वर्षानुवर्षे जपणारी जी व्यवस्था शरीरात असते, तिला मराठीत रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. शब्द घरोघरी रुळला आहे, पण त्यातल्या ‘शक्ती’मुळे समजुतीचा घोटाळा होतो. टाकीतले पाणी उतरले की वरून भरावे, तशी ही शक्ती वाढवता येईल असे वाटू लागते. प्रत्यक्षात ती एकसंध शक्ती नसून राखण आहे, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कामांवर बसलेल्या राखणदारांची. एकाच शरीरात एक राखणदार जागा आणि दुसरा गाफील असू शकतो, आणि प्रत्येक रोग आपल्या सोयीची फट शोधून तिथूनच आत येतो.

हे पाहायला सुरतेतल्या लिंबायतसारखी जागा हवी. शहराच्या आग्नेय अंगाला, मिठी खाडीच्या आसपास पसरलेल्या या भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्यांचीही भर आहे. पुरुष यंत्रमागावर किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, बऱ्याचदा बारा तासांच्या पाळीत काम करतात. बाया घरात बसून साड्यांना लेस लावतात, खडे-टिकल्या चिकटवतात. एका खोलीत चार-सहा माणसे, पिंपात साठवलेले पाणी, पावसाळ्यात खाडी फुगली की गल्लीत शिरणारा गढूळ लोंढा, आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरून गावाकडे सततची येजा. क्षय, हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, गोवर असे निरनिराळ्या वाटांनी येणारे रोग अशा वस्तीत एकमेकांना खेटून नांदतात. त्यांच्या चालीवरून राखणीचा प्रत्येक टप्पा ओळखता येतो.

पहिला टप्पा कातडीचा. तिचा वरचा थर मेलेल्या, एकावर एक दाबून बसलेल्या पेशींचा असतो. तो कोरडा, किंचित आम्लधर्मी आणि सतत झडणारा असल्याने जिवाणूंना त्यावर पाय रोवता येत नाही. अखंड कातडीतून आत जाणे बहुतेक जंतूंना जमत नाही. त्यांना भेग लागते. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात डोके वर काढणारा लेप्टोस्पायरोसिस अशा भेगेतून येतो. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून त्याचे जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतात. भाताच्या आणि उसाच्या शेतात अनवाणी उतरणारा मजूर किंवा पुराच्या पाण्यातून टाचेच्या भेगा घेऊन चालणारी बाई, दोघांच्या शरीराला पडलेले भगदाड सारखेच. रबरी बूट ही इथे औषधाच्या तोडीची गोष्ट आहे, कारण ती नेमकी ती फट बुजवते.

नाक, घसा, फुप्फुसे आणि आतडी या ओल्या वाटांची राखण वेगळी. श्वासनलिकेत चिकट कफाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची रांग सतत वर ढकलण्याचे काम करते, त्यामुळे धूळ आणि जंतू घशापर्यंत येऊन गिळले जातात. विडीच्या धुराने हे केस लुळे पडतात. जठरातले आम्ल बहुतेक जिवाणू जाळून टाकते. अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचे विकर असते, ते जिवाणूंची भिंत फोडते. मोठ्या आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू जागा आणि अन्न अडवून धरत परक्यांना थारा देत नाहीत. दुकानातून मनाने आणलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या खाल्ल्या की या भल्या जिवाणूंचीही कत्तल होते आणि जुलाब लागतात, ते याच कारणाने.

वेस ओलांडून जंतू आत आला की जन्मजात प्रतिकाराचे काम सुरू होते. त्याला शत्रूचे नाव-गाव कळत नाही, पण जात कळते. जिवाणूंच्या भिंतीवर असे काही रेणू असतात जे माणसाच्या पेशीत कधीच नसतात. ते ओळखणारे ग्राहक भक्षक पेशींच्या अंगावर असतात. ही ओळख कशी पटते ते दाखवून देणारे ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११चे नोबेल पारितोषिक मिळाले. भक्षक पेशी जंतूला गिळतात हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, इल्या मेचनिकॉफ यांनी इटलीतल्या मेसिना इथे पाहिले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा टोचला आणि काट्याभोवती पेशींनी घातलेला गराडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

ऊतींत ठाण मांडून बसलेल्या मोठ्या भक्षक पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. त्या धोक्याची रसायने सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, जागा लाल, गरम, सुजरी आणि दुखरी होते, आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची फौज तिथे उतरते. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्या फार जगत नाहीत. जंतू गिळून, त्यांच्यावर जहाल रसायने ओतून स्वतःही मरतात. फोडातला पू म्हणजे बव्हंशी या मेलेल्या पेशींचाच ढीग. दवाखान्यात रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी ‘वाढल्या’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हीच फौज वाढलेली असते. रक्तातल्या पूरक प्रथिनांची साखळी जिवाणूंना भोके पाडते, आणि विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते.

ताप हा याच कामाचा भाग आहे. भक्षक पेशींनी सोडलेली रसायने मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान-केंद्रापर्यंत पोहोचतात आणि तिथला काटा वर सरकतो. शरीर ३७ अंशांवरच असते, पण केंद्राला आता ३९ हवे असतात. म्हणून माणसाला थंडी वाजते, हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. वाढलेल्या उष्णतेत प्रतिकारपेशींची हालचाल आणि वाढ जलद होते, तर काही जंतूंची वाढ मंदावते. ताप म्हणजे रोग नव्हे, हे खरे. पण लहान मुलाला चढलेला ताप किंवा पावसाळ्यातला तीन दिवसांचा ताप अंगावर काढावा असा याचा अर्थ होत नाही.

जन्मजात प्रतिकार चालू असतानाच डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे उचलून लसिकावाहिन्यांच्या वाटेने जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. शरीरात अशा शेकडो ग्रंथी असतात: मानेत, काखेत, जांघेत, पोटात. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. मराठीत तिला अवधाण आले म्हणतात. आजी पायाची जखम पाहण्याआधी जांघ चाचपून पाहते, त्यात शरीरशास्त्राचे अचूक निरीक्षण आहे. गाठ दुखते कारण तिथे जंतूचे तुकडे पोहोचले आहेत आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या पेशी भराभर वाढत आहेत.

हीच व्यवस्था एखादा जंतू स्वतःच्या कामाला कशी जुंपतो, ते प्लेगवरून दिसते. जुन्या मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. पिसवाच्या चाव्यातून आलेला यर्सिनिया पेस्टिस हा जिवाणू भक्षक पेशींना टाळत नाही. मॅक्रोफेजच्या पोटात तो सुरुवातीला जिवंत राहतो, वाढतो आणि त्यांच्याच संगतीने लसिका ग्रंथीत पोहोचतो. माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत तो आपल्या आवरणाची घडण बदलतो, त्यामुळे जिवाणूच्या भिंतीवरून धोका ओळखणाऱ्या ग्राहकाला तो नीट दिसत नाही. अंगावर तो एक वेष्टनही चढवतो. पुढे भक्षक पेशी जवळ आली तर सुईसारख्या अवयवाने तिच्यात प्रथिने टोचून तिला लुळी करतो. जांघेतली गाठ मग पुढची फौज तयार करणारे केंद्र न राहता जिवाणूंचे कोठार बनते. हाच जिवाणू फुप्फुसात गेला तर खोकल्यातून थेट दुसऱ्याला लागतो, आणि औषध न मिळाल्यास काही दिवसांत मृत्यू जवळजवळ ठरलेला असतो. लसिका ग्रंथीतली ही पुढची फौज तयार व्हायला आठवडा लागतो. इतका वेळच हा रोग देत नाही.

सुरतेने हे १९९४ मध्ये सोसले.  त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रुग्ण दिसले. सप्टेंबरात, तापीला पूर येऊन गेल्यावर, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. पहिला घाव वेड रोडकडच्या दाट वस्त्यांवर पडला. काही दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. खान्देशाकडच्या गाड्याही भरभरून गेल्या. त्या वर्षी देशातून जागतिक आरोग्य संघटनेकडे ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यूंची नोंद झाली. हा प्लेग आहे की नाही यावर तेव्हा बराच वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीने यर्सिनिया पेस्टिसवरच बोट ठेवले. ज्यांना वेळेवर टेट्रासायक्लिन मिळाले ते वाचले, आणि त्या वाचण्याचा अर्थही समजून घेण्यासारखा आहे. टेट्रासायक्लिन जिवाणूची वाढ थांबवते. उरलेल्या जिवाणूंचा निकाल शरीराची राखण लावते. औषधाने राखणदारांना वेळ मिळवून दिला. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात कचरा, गटारे आणि वस्त्यांची झाडाझडती झाली आणि सुरतेची गणना स्वच्छ शहरांत होऊ लागली. उंदीर आणि पिसू हटवणे म्हणजे शरीराची वेस घराबाहेर, गल्लीच्या तोंडापर्यंत पुढे नेणे होय.

लसिका ग्रंथीत जे घडते त्याला शिकाऊ किंवा अर्जित प्रतिकार म्हणतात. इथले कामकरी दोन: अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या बी पेशी आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी पेशी. प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच आकाराचा ग्राहक असतो आणि तो जंतूच्या एकाच तुकड्याशी, कुलपाला किल्ली बसावी तसा बसतो. शरीरात असे कोट्यवधी निरनिराळे ग्राहक असतात. एवढ्यांसाठी वेगळी जनुके ठेवायला पेशीत जागाच नाही. हे कोडे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये सोडवले. मोजक्या जनुकखंडांची प्रत्येक पेशीत वेगळी जुळणी होते आणि जुळणीच्या सांध्यात आणखी फेरफार होतात, हे त्यांनी दाखवले. १९८७चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. या वाटेने शरीराकडे अजून जगात न आलेल्या जंतूसाठीही किल्ली तयार असते.

अशी आंधळी जुळणी धोक्याचीही आहे, कारण काही किल्ल्या शरीराच्या स्वतःच्या कुलपांना बसतात. म्हणून थायमसमध्ये टी पेशींची कडक पारख होते. शरीराच्या खुणा ओळखताच न येणाऱ्या आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी तिथेच मारल्या जातात. तयार होणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी बाहेर पडतच नाहीत. या चाळणीतून निसटलेल्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चे नोबेल मिळाले.

जुळणारी पेशी सापडली की तिच्या प्रती निघू लागतात. मारक टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना शोधून मारतात. मदतनीस टी पेशी भक्षक पेशींना बळ देतात आणि बी पेशींना पुढच्या कामाची परवानगी देतात. बी पेशी प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी ओततात. पहिल्या आठवड्यात मोठ्या आकाराचे, घाईने बनवलेले आयजीएम येतात. त्यानंतर ग्रंथीतच निवड आणि सुधारणा होत होत नेमके बसणारे आयजीजी येतात. डेंग्यूच्या चाचणीच्या कागदावर दिसणारी ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ ही ओळ नुकतीच सुरू झालेली लढाई सांगते.

नव्या विषाणूसमोर या सगळ्याला लागणारा वेळ किती महाग पडतो ते २०२० मध्ये कळले. एप्रिलमध्ये सुरतेत कोविडचे रुग्ण वाढले तेव्हा लिंबायत झोनचे नाव सर्वाधिक बाधित भागांत आले. जगात कुणाच्याच शरीरात या विषाणूची स्मृती नव्हती आणि एका खोलीत राहणाऱ्यांना अंतर ठेवायला जागा नव्हती. सार्स-कोव्ह-२ इंटरफेरॉनची पहिली हाक दाबतो. हाक उशिरा गेली की काही रुग्णांत प्रतिकार उशिरा आणि बेफाम उसळतो, आणि फुप्फुसाचे नुकसान विषाणूइतकेच या उसळीनेही होते. त्याचा सर्वांत ठोस पुरावा जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून मिळाला: प्रतिकार दाबणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. प्रतिकार वाढवावा असे घरोघर सांगितले जात होते, काढे उकळले जात होते, त्याच दिवसांत अत्यवस्थ रुग्ण प्रतिकार आवरल्यामुळे वाचत होते. गरम काढ्याने घशाला आराम पडतो. त्याने कोणता राखणदार, किती आणि कुठे वाढतो, याचे उत्तर मात्र विक्रेत्यांकडे नसते.

लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, थोड्या स्मृतिपेशी मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवड्याचे काम एक-दोन दिवसांत होते आणि बऱ्याचदा माणसाला आजार कळतही नाही. ही स्मृती किती टिकते याचे जुने उदाहरण उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचे आहे. तिथे १७८१ मध्ये गोवर येऊन गेला आणि मग १८४६ पर्यंत आला नाही. दुसऱ्या साथीत गावेच्या गावे आजारी पडली, पण लहानपणी पहिला गोवर काढलेले म्हातारे सुटले. हे पीटर पानम या तरुण डॉक्टरने नोंदवून ठेवले. १९१८च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी नव्वद वर्षांनंतरही सापडल्या आहेत.

बाळ जन्मते तेव्हा त्याची स्मृती कोरी असते. ती उणीव आई भरून काढते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईचे आयजीजी वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि काही महिने पुरतात. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई दिली की तिचे प्रतिपिंड बाळाची नाळ कापतानाचा धोका टाळतात. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून २०१५ मध्ये हटला, त्यामागे ही साधी गोष्ट आहे. पहिल्या दिवसांतले पिवळसर चीकदूध आयजीए प्रतिपिंडांनी भरलेले असते आणि ते बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखे राखते. ते ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे, आणि तिच्याइतका अकारण तोटा दुसरा नाही. तयार प्रतिपिंड बाहेरूनही देता येतात. सर्पदंशावरचे औषध म्हणजे घोड्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड होत.

स्मृती आजार न होता मिळवून देण्याची युक्ती म्हणजे लस. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या जिवाणूंची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच कामातून उभी राहिली. आज बाळाला जन्मतः बीसीजी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पाच रोगांवरची एकत्र लस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत तिची दुसरी मात्रा मिळते. एकच लस तीनदा का, असा प्रश्न आया विचारतात. पहिल्या मात्रेने ओळख होते. पुढच्या मात्रांनी स्मृतिपेशी वाढतात आणि प्रतिपिंड अधिक नेमके होतात. मात्रांमधले अंतर त्या निवडीला लागणारा वेळ असतो.

लिंबायतमध्ये ही साखळी गावाच्या ओढीने तुटते. बाळंतपणाला माहेरी, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी, दिवाळीत पुन्हा गावी. गुजरातेत दिलेले लसीकरणाच्या नोंदीचे ममता कार्ड धुळ्याच्या खेड्यात घरी विसरलेले, आणि तिथली मात्रा इथे कुणाला माहीत नसलेली. कुटुंबाने टाळाटाळ केली असे इथे क्वचितच असते. दोन राज्यांच्या नोंदवह्यांमध्ये मूल हरवते. गोवराला एवढी फट पुरते. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, म्हणून त्याला थोपवायला ९५ टक्के मुलांत प्रतिकार हवा असतो. तेवढ्या गर्दीआड लस न मिळालेले तान्हे बाळही सुरक्षित राहते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे आणि मालेगावात गोवराने जे केले ते याच टक्क्यांच्या घसरणीतून. आणि गोवर पुरळ जाऊन संपत नाही. त्याचा विषाणू स्मृतिपेशींनाच लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर झालेल्या मुलांचे इतर रोगांविरुद्धचे ११ ते ७३ टक्के प्रतिपिंड नाहीसे झालेले आढळले. ज्या न्यूमोनियाने मूल नंतर दगावते त्याच्या मुळाशी अनेकदा पुसली गेलेली ही स्मृती असते.

काही जंतू राखणदारांशी वर्षानुवर्षे लपाछपी खेळतात. त्यांत क्षयाचा जिवाणू सर्वांत मुरलेला. मॅक्रोफेज त्याला गिळते, पण तो तिच्या पोटातली आम्लाची पिशवी स्वतःपर्यंत पोहोचूच देत नाही. शरीर मग त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते आणि त्याला आत कोंडून ठेवते. क्षयाचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांची तटबंदी टिकते. ती मदतनीस टी पेशींच्या सततच्या पहाऱ्यावर उभी असते. उपासमार, मधुमेह, दारू, एचआयव्ही, यांपैकी कशानेही पहारा ढिला पडला की कोंडलेला जिवाणू सुटतो. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत दगडाची धूळच फुप्फुसातल्या मॅक्रोफेजना मारते, म्हणून त्यांच्यात क्षय फार. बीसीजी बाळांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही, हे चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. दंडावरचा व्रण पाहून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये ते यासाठी.

हिवतापाचा फाल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीवर मिरवायचे प्रथिन साठेक जनुकांच्या पेटीतून बदलत राहतो. प्रतिपिंड एका वेषाला ओळखेपर्यंत तो दुसरा चढवतो. त्यामुळे हिवतापाचा प्रतिकार अर्धामुर्धा असतो आणि माणूस हिवतापाचा मुलूख सोडून गेला की ओसरतो. अशा परजीवीवर लस करणे किती अवघड होते ते यावरून समजावे. ऑक्सफर्डने घडवलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या आर२१ लशीला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. हत्तीरोगाचे कृमी तर लसिकावाहिन्यांमध्येच, म्हणजे राखणदारांच्या रस्त्यातच, वर्षानुवर्षे राहतात आणि नियामक पेशींना चिथावून आपल्याविरुद्धची कारवाई थंड ठेवतात. पाय सुजू लागेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. दक्षिण गुजरातेत हा रोग जुना आहे, आणि बिनतक्रारीच्या माणसालाही गोळ्या का घ्यायला लावतात त्याचे कारण यात आहे.

डेंग्यूची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे स्मृतीच उलटते. विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाने झालेल्या आजाराचे प्रतिपिंड दुसऱ्या उपप्रकाराला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत. चिकटलेल्या प्रतिपिंडाला धरून भक्षक पेशी विषाणूला आत घेते आणि विषाणूला वाढायला घर मिळते. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. इथे शरीरातल्या राखणीवर विसंबण्यापेक्षा पाण्याचे पिंप आठवड्याला घासून कोरडे करणे जास्त कामाचे.

नंदुरबार-धुळ्याच्या आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचे जनुक बरेच आढळते. ते आई-बापांपैकी एकाकडूनच आले तर गंभीर हिवतापापासून संरक्षण देते, आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. दोघांकडूनही आले तर विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाणथरीच्या बारीक वाटा तुंबवतात, आणि पहिल्या पाच वर्षांत पाणथरी बहुधा निकामी होते. रक्त गाळून त्यातले जिवाणू वेचण्याचे काम पाणथरीचे असते. ती गेली की न्यूमोकोकस हा जिवाणू काही तासांत जिवावर बेततो. अशा मुलाच्या बाकीच्या सगळ्या राखणदारांचे काम ठीक चालू असते, तरी ताप आला की सकाळची वाट पाहण्याइतकाही वेळ नसतो.

राखण चुकते तीही दोन तऱ्हांनी. परागकण, धूळ यांसारख्या निरुपद्रवी गोष्टींवर आयजीई प्रतिपिंड उठले की दमा, शिंका, पित्त उठणे. आणि स्वतःच्याच पेशींवर हल्ला झाला की पहिल्या प्रकारचा मधुमेह, आमवात किंवा, गर्दीच्या वस्त्यांचा खास रोग, संधिवाताचा ताप. घशात स्ट्रेप्टोकोकस शिरतो. त्याच्या प्रथिनाचा आकार हृदयाच्या झडपेतल्या प्रथिनाशी मिळताजुळता असतो. जंतूसाठी तयार झालेला मारा झडपेवर पडतो. दहा वर्षांच्या मुलाचा दुर्लक्षित घसा पंचविशीत झडपेची शस्त्रक्रिया मागतो.

राखणदार दुबळे होण्याची कारणे मोजकी आणि ठाऊक असलेली आहेत. कुपोषणाने थायमस आक्रसते, जीवनसत्त्व अ कमी पडले की आतड्याचे आणि श्वासमार्गाचे अस्तर झिजते. जुलाबांनी मूल आणखी वाळते आणि चक्र पुढे फिरते. एचआयव्ही मदतनीस टी पेशींनाच खातो. मधुमेहात रक्तातली साखर चढली की न्यूट्रोफिल सुस्तावतात. २०२१ मध्ये कोविडनंतर काळी बुरशी पसरली तेव्हा तिचे सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता किंवा स्टेरॉइड दिलेली होती.

म्हातारपण हे उरलेले कारण. थायमस तरुणपणीच चरबीत विरू लागते, नव्या टी पेशी कमी निघतात आणि जुन्यांचा पहारा सैलावतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो विषाणू साठ-सत्तर वर्षे निपचित पडलेला असतो. पहारा सैल झाला की तो एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो आणि कमरेवर किंवा छातीवर आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो. हीच नागीण. तिचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस मरतो, ही भीती गावोगाव आहे. पण विषाणू ज्या मज्जातंतूवरून येतो तो शरीराच्या एकाच बाजूचा असतो, त्यामुळे हा पट्टा सहसा पाठीच्या कण्याशी सुरू होतो आणि पोटाच्या मध्यरेषेशी थांबतो.